छोट्या ऑफिसचा सर्व्हर आणि नेटवर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण पाच ते तीस माणसांच्या ऑफिसांमधून येतात. तिथे वेगळा आयटी विभाग नसतो. ‘याला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं’ म्हणून कोणा एकाच्या गळ्यात हे काम पडलेलं असतं. उत्तरं त्याच्यासाठी आहेत. वस्तू कधी ना कधी बिघडणार हे सगळीकडे धरून चाललं आहे. म्हणून निवड करताना वेग नंतर बघायचा; बिघडल्यावर ती कोण उभी करणार आणि किती वेळात, हे आधी.

आम्ही आठ जण आहोत. सर्व्हर घ्यावाच लागेल का?

बहुतेक वेळा नाही. फक्त फाइली एका जागी ठेवायच्या असतील तर दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा) पुरतो. मेल आणि कागदपत्रं आधीच क्लाउडवर असतील तर कदाचित तोही नको.

सर्व्हर खरा लागतो तो हिशेबाचं किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर सगळे जण एकाच डेटाबेसवर, एकाच वेळी चालवतात तेव्हा. किंवा वीसेक मशीनची लॉगिन आणि परमिशन एका ठिकाणाहून सांभाळायची असतील तेव्हा. किंवा इंटरनेट गेलं तरी काम थांबून चालत नसेल तेव्हा. यातलं काहीच नसताना कोणी सर्व्हरचं कोटेशन पुढे केलं, तर ‘यावर नेमकं काय चालणार?’ एवढंच विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर घाई करू नका.

कोपऱ्यातला जुना पीसीच सर्व्हर म्हणून लावला तर?

चालतो, पण दोन अडचणी धरून. पहिली म्हणजे विंडोज १० किंवा ११ असलेल्या मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरला एका वेळी २० पेक्षा जास्त कनेक्शन घेता येत नाहीत. लोक वाढले की ‘कधी उघडतं, कधी उघडत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सगळ्यांचा डेटा त्यावर ठेवणं शहाणपणाचं नाही.

दुसरी अडचण माणसांची. पीसी दिसला की कोणीतरी त्यावर काम करायला बसतं, ब्राउझर उघडतं, पेन ड्राइव्ह लावतं आणि संध्याकाळी सवयीने शटडाउन करून जातं. जुनंच मशीन वापरायचं असेल तर डिस्क नव्या घाला, लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरचं फोल्डर विंडोज मशीनना दाखवणारा प्रोग्रॅम) टाका, आणि मॉनिटर-कीबोर्ड काढून ठेवा. मॉनिटर काढण्याचा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

विंडोज सर्व्हर की लिनक्स?

तुमचं मुख्य सॉफ्टवेअर कशावर चालतं ते आधी बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेला निम्मा, रात्री फोन केला तर कोण येणार आणि त्याला काय येतं, यावर.

विंडोज सर्व्हर घेताना सर्व्हरच्या लायसन्सशिवाय दर वापरकर्त्यामागे किंवा दर मशीनमागे कॅल नावाचं वेगळं लायसन्स लागतं. कोटेशनमध्ये ते अनेकदा राहून जातं. इसेन्शियल्स आवृत्तीत २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणांपर्यंत वेगळे कॅल लागत नाहीत. लिनक्स घ्यायचं तर दीर्घ सपोर्टची आवृत्ती घ्या. उबंटूच्या एलटीएस आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात.

रेड लावलेलं आहे. मग बॅकअप कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच गैरसमजातून होतं.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. कोणी चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली लॉक केल्या तर दोन्हीकडे लॉक होतात. चोरी, आग, पाणी, विजेचा झटका यात दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात.

रेडचा स्वतःचाही एक धोका आहे: तो मुकाट्याने अर्धा मरतो. एक डिस्क जाते, काम व्यवस्थित चालू राहतं, दिवा लाल होतो, पण तो दिवा टेबलाखाली असल्यामुळे कोणी बघत नाही. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते आणि मग लोक म्हणतात, रेड असूनही डेटा गेला. रेड लावलात त्याच दिवशी बिघाडाचा मेल तुमच्यापर्यंत येतो का, हे एक डिस्क मुद्दाम काढून तपासा. अर्थात आधी बॅकअप घेऊन.

रेड ५ (तीन किंवा जास्त डिस्कची, त्यातली एक गेली तरी चालणारी रचना) बद्दल माझं मत: मोठ्या डिस्क असतील तर छोट्या ऑफिसने त्याच्या वाटेला जाऊ नये. एक डिस्क बदलली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवीन डिस्क भरावी लागते. याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. बाकीच्या डिस्क त्याच वयाच्या, बहुधा त्याच लॉटमधल्या असतात, आणि सगळ्यात जास्त ताण त्यांच्यावर नेमका तेव्हाच येतो. जागा कमी मिळाली तरी चालेल, रेड १ किंवा रेड १० (रेड १ च्या जोड्या एकत्र) घ्या.

मग बॅकअप किती आणि कुठे ठेवायचे?

३-२-१ हा नियम पुरतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक ऑफिसच्या बाहेर. तीन प्रतींमध्ये चालू डेटाही धरलेला आहे, त्यामुळे एक सर्व्हरवर, एक नॅसवर आणि एक क्लाउडवर किंवा काढून नेता येणाऱ्या डिस्कवर, असं साधं रूप होतं.

रॅन्समवेअरमुळे (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे) यात एक भर घालावी लागते: किमान एक प्रत अशी हवी की सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड चोराच्या हातात पडला तरी त्याला ती पुसता येणार नाही. एक्स्टर्नल डिस्क चोवीस तास सर्व्हरला लावून ठेवली असेल तर ती या हिशेबात येत नाही. दोन डिस्क आलटून पालटून लावा, एक नेहमी काढलेली असू द्या. नॅसवर बॅकअप घेत असाल तर सर्व्हरने नॅसवर लिहिण्याऐवजी नॅसने सर्व्हरकडून डेटा ओढून घ्यावा अशी रचना करा, आणि नॅसचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेही साठवू नका.

बॅकअप रोज ‘यशस्वी’ दाखवतो. एवढं पुरेसं नाही का?

रिस्टोर करून बघेपर्यंत नाही.

गिटलॅब ही तर सॉफ्टवेअर बनवणारीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर डिलीट केलं. मग लक्षात आलं की डेटाबेसचे रोजचे बॅकअप आवृत्तींच्या विसंगतीमुळे कधीचे फसत होते. ते फसल्याचे मेलही सुटत होते, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा आहे का हे बघण्याच्या) तपासणीत अडकून कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. शेवटी त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) हाताशी होता म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, हे तिचं श्रेय.

तीन महिन्यांतून एकदा कोणतंही एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा आणि फाइली उघडून बघा. वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हर उभा करून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस चालू असताना फाइली नुसत्या कॉपी केल्या तर ती प्रत अर्धवट निघू शकते. त्या सॉफ्टवेअरची स्वतःची बॅकअपची सोय वापरा आणि त्यातून निघालेली फाइल पुढे न्या.

केबल कोणती टाकायची?

नवीन टाकत असाल तर कॅट ६. कॅट ५ई वरही १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालतं, त्यामुळे भिंतीत आधीच ती असेल तर उकरू नका. १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ वर साधारण ५५ मीटरची मर्यादा येते, पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए लागते.

नावापेक्षा आतली तार महत्त्वाची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते, खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं. ती स्वस्त असते, पण मानकांत बसत नाही. ॲल्युमिनियमचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेरा आणि ॲक्सेस पॉइंटना (वायफाय देणाऱ्या यंत्रांना) ती कमी पडते आणि तापते. क्रिम्पिंग (टोकाला प्लग बसवणं) करतानाही ती तार पटकन तुटते. ओळखायची सोपी खूण: पातीने तार खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा.

एकदा भिंत उघडली की प्रत्येक टेबलाजवळ एक ऐवजी दोन केबल टाका. दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटवा. नंबर न लावलेल्या चोवीस केबलींचा गठ्ठा उलगडताना जो वैताग येतो, तो माझ्या वैऱ्यालाही येऊ नये.

केबलमधून वीज देणारा स्विच घेताना काय बघायचं?

एकूण वॉट. (स्विच म्हणजे नेटवर्कच्या अनेक केबली एकत्र जोडणारा डबा.) ८०२.३एएफ मानकात एका पोर्टला १५.४ वॉट, ८०२.३एटी मध्ये ३० वॉट मिळतात, पण सगळे पोर्ट मिळून स्विच किती देऊ शकतो हा आकडा वेगळा असतो आणि तो बहुतेकदा गुणाकारापेक्षा बराच कमी निघतो. कॅमेऱ्यांची बेरीज करा आणि रात्रीसाठी थोडी जागा ठेवा, कारण इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरे जास्त वीज खातात. दिवसा चालणारे कॅमेरे रात्री बंद पडत असतील तर आधी इथेच बघा.

‘नेट स्लो आहे’ अशी रोज तक्रार येते. सुरुवात कुठून करू?

आधी ‘नेट’ म्हणजे काय ते विचारा. सर्व्हरवरची फाइल उघडायला वेळ लागतो की वेबसाइट? या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नसतो.

फाइल उघडायला वेळ लागत असेल तर एक मोठी फाइल सर्व्हरवरून कॉपी करून वेग बघा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळायला हवेत. आकडा ११ वर येऊन अडकत असेल तर तुमची लाइन १०० मेगाबिटवर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणजे एखादी तार तुटली, जॅक नीट पंच झाला नाही, की नेटवर्क बंद पडत नाही, दहापट हळू होतं. म्हणूनच हा बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. कुठेतरी मध्ये जुना १०० मेगाबिटचा स्विच बसलेला असला तरी हेच होतं. टेबलाखाली वाकून बघा.

वेबसाइट हळू उघडत असतील तर लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडून मोजा. तिथे वेग ठीक असेल तर दोष तुमच्या आतल्या नेटवर्कचा, बहुधा वायफायचा. तिथेही वाईट असेल तर कोणी मोठं काही अपलोड करत नाही ना ते पाहा. क्लाउड बॅकअप भर दुपारी सुरू होत असेल तर तो रात्रीवर टाका. एवढं झाल्यावर मग सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करा. आकडे हातात असले की तिथेही वेगळ्या सुरात बोलतात.

आयपी पत्ते कसे ठरवायचे?

१९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x टाळा. घरोघरचे राउटर हेच पत्ते देतात, त्यामुळे उद्या कोणी घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित जोडणीने) जोडलं की दोन्हीकडचे पत्ते एकमेकांवर येतात आणि सर्व्हर सापडत नाही. १०.४७.२०.x असं काहीही घ्या. सर्व्हर, प्रिंटर, स्विच, कॅमेरे यांना ठरलेले पत्ते, बाकीच्यांना डीएचसीपीमधून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीतून. डीएचसीपीच्या यादीत हे ठरलेले पत्ते येणार नाहीत याची खात्री करा, नाहीतर एक दिवस प्रिंटरचा पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला जाईल.

डोमेन कंट्रोलर (सगळ्या मशीनची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर मशीनच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत) फक्त त्याचाच पत्ता द्या. ‘असू दे जोडीला’ म्हणून दुसरा पत्ता ८.८.८.८ हा गूगलचा देण्याची फार सवय आहे. मशीनने चुकून त्याला विचारलं की त्याला तुमचं डोमेन माहीतच नसतं, आणि लॉगिन कधी चटकन तर कधी पाच मिनिटांनी होतं. घड्याळंही जुळलेली हवीत: पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेन लॉगिन नाकारतं.

सकाळी अचानक अर्ध्या मशीनचं नेट गेलं, बाकीच्यांचं चालू आहे. हे कसं?

बंद मशीनचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. केबल, स्विच किंवा डीएचसीपी देणारं यंत्र तपासा. पत्ता मिळालाय पण तुमच्या मालिकेतला नाही, असं असेल तर कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला आहे आणि तो स्वतःच पत्ते वाटत सुटला आहे. बहुतेकदा मीटिंग रूममध्ये सापडतो.

सगळंच एकदम ठप्प झालं आणि स्विचचे सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकत असतील तर लूप झालेला आहे: एकाच केबलची दोन्ही टोकं कोणीतरी त्याच नेटवर्कमध्ये खोचली आहेत. साफसफाई करताना सुटलेलं टोक दिसतं आणि लोक ते कर्तव्यभावनेने रिकाम्या भोकात घालतात. एकेक केबल काढत जा, जिथे दिवे शांत होतील तिथे तो लूप. थोड्या चांगल्या स्विचमध्ये लूप ओळखून पोर्ट बंद करण्याची सोय असते, ती चालू करून ठेवा.

वायफायसाठी काय नियम?

न हलणारी मशीन केबलवर ठेवा, वायफाय हलणाऱ्यांसाठी. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांना त्रास देत नाहीत, बाकीचे वापरू नका. एक ताकदवान यंत्र कोपऱ्यात लावण्यापेक्षा दोन साधे ॲक्सेस पॉइंट छतावर, केबलने जोडून. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा आणि तिथून सर्व्हर दिसत नाही ना हे स्वतःच्या फोनवरून एकदा करून बघा.

घरून काम करणाऱ्यांना सर्व्हर कसा द्यायचा? रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडू का?

नको. ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर उघडला की पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम फार वेळ न घेता तिथे पोहोचतात. पोर्टचा नंबर बदलल्याने ते थोडे उशिरा येतात, एवढंच.

व्हीपीएन लावा आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप वापरा. वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर सुटसुटीत आहे, २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, आणि बऱ्याच राउटरमध्ये तयार मिळतं. व्हीपीएन नीट लावूनही बाहेरून जोडत नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे; पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशीनकडे वळवण्याचा) काही उपयोग होणार नाही. त्यांच्याकडून स्वतंत्र पत्ता मागा किंवा टेलस्केलसारखी, दोन्हीकडून बाहेर जोडणी करणारी सेवा वापरा.

अपडेट टाकले की काहीतरी बिघडतं. बंद ठेवले तर?

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने होते.

मधला मार्ग असा: मशीनवर अपडेट आपोआप, सर्व्हरवर महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, आधी बॅकअप, मग अपडेट, मग रीस्टार्ट, मग मुख्य सॉफ्टवेअर उघडून बघायचं. राउटर, स्विच आणि नॅसच्या फर्मवेअरला लोक विसरतात. इंटरनेटच्या तोंडावर तर राउटरच असतो.

वॉनाक्राय ज्यावर स्वार झाला ते एसएमबी १ (फाइली शेअर करण्याची विंडोजची जुनी पद्धत) अजूनही काही ऑफिसांत मुद्दाम चालू केलेलं दिसतं, कारण जुना कॉपिअर स्कॅन केलेली फाइल फक्त त्यावरूनच फोल्डरमध्ये टाकतो. एका कॉपिअरसाठी सर्व्हर उघडा ठेवू नका. त्याला मेलवर किंवा एफटीपीवर स्कॅन पाठवायला लावा.

यूपीएस केवढा घ्यायचा?

व्हीए बघून फसू नका, वॉट बघा. छोट्या यूपीएसमध्ये १००० व्हीए म्हणजे अनेकदा ६०० वॉटच असतात. सर्व्हर, स्विच, राउटर आणि इंटरनेटचा मोडेम हे सगळं त्यावर हवं. नुसता सर्व्हर चालू राहून काय करणार? लेझर प्रिंटर मात्र कधीच नको, तो तापताना एकदम मोठा करंट ओढतो.

यूपीएससोबत यूएसबी केबल येते, ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. ती सर्व्हरला जोडा म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. बॅटरी ३ ते ५ वर्षं टिकते, उकाड्यात त्याहून कमी. बसवल्याची तारीख मार्करने अंगावर लिहून ठेवा.

ईमेल सर्व्हर स्वतःचा चालवावा का?

नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे दाखवणाऱ्या नोंदी) सगळं नीट लावूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतात, आणि २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांचे नियम आणखी कडक केले आहेत. हे काम भाड्याने द्या. मात्र या तीन नोंदी आपल्या डोमेनवर (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावावर) आहेत ना ते बघणं तुमच्याकडेच राहतं.

कोणी नोकरी सोडून गेलं तर काय करायचं?

त्याच दिवशी खातं बंद करायचं, डिलीट नाही. त्यातल्या फाइली आणि मेल लागतात. व्हीपीएन, वायफायचा सगळ्यांचा मिळून असलेला पासवर्ड, कॅमेऱ्यांचं ॲप आणि बॅकअपचं क्लाउड खातं हेही बघा. डोमेनचं नाव जाणाऱ्या माणसाच्या खाजगी ईमेलवर नोंदलेलं निघणं, हा प्रकार फार होतो. तो आजच तपासा, कोणी जायची वाट बघू नका.

बाहेरचा माणूस येऊन सगळं सांभाळतो. आमच्याकडे काय असायला हवं?

आयपी पत्त्यांची यादी, कुठली केबल कुठल्या पोर्टला जाते, सगळे ॲडमिन पासवर्ड, लायसन्सच्या की, बॅकअप कुठे आहे आणि तो कसा उघडायचा. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याची किल्ली. हे सगळं कागदावर, बंद पाकिटात, मालकाच्या कपाटात. सर्व्हरचे पासवर्ड फक्त सर्व्हरवरच्याच एक्सेल फाइलमध्ये असतील तर ते नसल्यात जमा. चांगला माणूस हे मागितल्यावर लगेच देतो. टाळाटाळ करत असेल तर दुसरा शोधायला लागा.

सर्व्हर किती वर्षांनी बदलायचा, आणि जुन्याचं काय करायचं?

साधारण पाच ते सात वर्षांनी, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले की त्याआधी. नवीन सर्व्हर जुना चालू असतानाच उभा करा आणि महिनाभर जुना तसाच ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच.

नंतर डिस्क काढून घ्या आणि मगच मशीन भंगारात द्या. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट चालवा किंवा सरळ ड्रिलने भोकं पाडा. एसएसडीला ओव्हरराइट भरवशाचं नाही, तिच्यात निर्मात्याने दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरा. सुरुवातीपासून डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हे काम बरंच सोपं होतं, म्हणून नवीन सर्व्हरवर ते पहिल्याच दिवशी चालू करा आणि त्याची रिकव्हरी की त्याच पाकिटात घाला.